जाहिरात एजन्सीत क्रिएटिव्ह इंटर्नशिप: मिळवायची कशी आणि तिथे करायचं काय

जाहिरात एजन्सीच्या क्रिएटिव्ह विभागात शिरताना पदवीपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संच बघतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आत गेल्यावर मात्र नजर दुसऱ्याच गोष्टीवर असते. सगळ्या कल्पना नाकारल्या गेल्या, तर हा मुलगा किंवा ही मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी काय घेऊन येते? इंटर्नशिपचे दोन-तीन महिने ही याच एका सवयीची तालीम असते, त्यामुळे अर्ज करण्याआधीपासूनच तयारी त्या दृष्टीने करावी, असं माझं ठाम मत आहे.

१. कॉपी की आर्ट, ते ठरवा

क्रिएटिव्ह विभागात मुख्य वाटा दोन. कॉपीरायटर शब्दांकडून येतो, आर्ट डायरेक्टर चित्राकडून आणि कल्पना दोघांनी मिळून काढायची असते. पूर्वी असं नव्हतं. कॉपीरायटर मजकूर लिहायचा आणि तो मांडणीसाठी कलाविभागाकडे जायचा. न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीत तिचे एक संस्थापक बिल बर्नबाख यांनी दोघांना एकत्र कामाला बसवलं. १९५९ सालची फोक्सवॅगनची ‘थिंक स्मॉल’ ही जाहिरात अशाच जोडीची: हेल्मट क्रोन आर्ट डायरेक्टर, ज्युलियन केनिग कॉपीरायटर. बरंचसं पान कोरं, त्यात इवलीशी गाडी आणि खाली दोन शब्दांची हेडलाइन. यात कल्पना शब्दांची किती आणि चित्राची किती, हे वेगळं काढताच येत नाही. अनेक एजन्सींमध्ये आजही अशाच जोड्या असतात.

दोन्ही जमत असलं तरी अर्जात एकच बाजू लिहा. तुम्हाला कोणाच्या हाताखाली द्यायचं, ते त्यावरून ठरतं. दुसऱ्या बाजूचा जोडीदार आधीच शोधून ठेवलात तर फारच उत्तम, कारण काही ठिकाणी जोडीलाच एकत्र घेतात.

२. पोर्टफोलिओ: थोडं काम, पण मोहिमेच्या रूपात

चार ते सहा मोहिमा, म्हणजे एकाच कल्पनेवरच्या जाहिरातींच्या मालिका, पुरे झाल्या. बघणाऱ्याच्या हाताशी मोजकी मिनिटं असतात आणि पाच चांगल्या कामांनंतर आलेलं एक दुबळं काम तुमच्या निवडीबद्दल शंका निर्माण करतं. खरे क्लायंट असण्याची गरज नाही. स्वतःच विषय घेऊन सरावासाठी केलेलं काम चालतं, फक्त ते सरावाचं आहे हे स्पष्ट लिहा. ब्रँडने ते काम दिलं होतं असा समज होऊ देऊ नका.

विषय निवडताना रंगतदार ब्रँडकडे आणि सामाजिक संदेशांकडे हात आपोआप जातो. तिथे धक्का देणारं चित्र सापडणं सोपं असतं, म्हणून त्यातून तुमची ताकद फारशी कळत नाही. माझा सल्ला असा, की ज्या वस्तूबद्दल कोणाला काही विशेष वाटत नाही अशी एखादी वस्तू घ्या.

उदाहरणार्थ, चिकटपट्टी. काढल्यावर डाग न ठेवणारी. सांगायची गोष्ट एकच: निघाली की मागे काही उरत नाही. पहिल्या तासात जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं. डाग पडलेली भिंत आणि स्वच्छ भिंत शेजारी शेजारी, रुसलेली भिंत, पट्टी ओढणारा हात. ‘काढा बिनधास्त, डाग नाही जास्त’ यासारखं यमकही जुळतं. हे सगळं कागदावर उतरवून बाजूला ठेवायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा: डाग राहिला तर कोणाचं नुकसान होतं? भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं. त्याला घर सोडताना भिंती होत्या तशा परत द्यायच्या असतात. मग पानभर नुसती कोरी भिंत दाखवायची आणि खाली लिहायचं: ‘या भिंतीवर सहा वर्षं आमचे फोटो होते.’ कोपऱ्यात चिकटपट्टीचं रीळ, बस.

आता ही कल्पना ताणली तर टिकते का, ते बघायचं. दुकानाची लख्ख काच: ‘या काचेवर कालपर्यंत सेल होता.’ घराचं साधं दार: ‘या दारावर परवा वाढदिवस होता.’ तिन्ही पानांवर दाखवायला काहीच नाही आणि तिन्ही पानं उत्पादनाबद्दलच बोलतात. एका कल्पनेतून तीन जाहिराती सहज निघाल्या म्हणजे मोहीम तयार झाली. दुसरीपाशीच अडखळलात, तर तुमच्या हातात फक्त एक चांगली ओळ होती असं समजा. जाणता क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे कॉपी आणि आर्ट दोन्हींचा वरिष्ठ, पोर्टफोलिओत हेच तपासतो.

कॉपीरायटर असाल तर निदान एक लांब मजकुराची जाहिरात ठेवा. दोनशे-तीनशे शब्द वाचणाऱ्याला धरून ठेवता येतात का, हे हेडलाइनवरून कळत नाही. आर्टच्या बाजूचे असाल तर अक्षरमांडणीवर मेहनत घ्या आणि अंतिम लेआउटबरोबर एखाद्या मोहिमेचे स्कॅम्प, म्हणजे मार्करने काढलेली कच्ची चित्रंही लावा. विचार कुठून कुठे गेला, ते त्यात दिसतं. आणखी एक: निदान एक कल्पना छापील पान आणि पडदा या दोन्हींच्या बाहेरची असू द्या. वस्तूच्या वेष्टनात, एखाद्या सार्वजनिक जागी किंवा फोनवर घडणारी.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. लिंक पासवर्डशिवाय आणि फोनवर उघडली पाहिजे, पीडीएफ हलकी असावी, फाइलच्या नावात तुमचं नाव असावं, जोडीदाराचा उल्लेख असावा आणि शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.

३. अर्ज एजन्सीला नको, माणसाला करा

आवडलेल्या जाहिराती कोणी केल्या, ते शोधा. पुरस्कारांच्या याद्यांमध्ये आणि एजन्सींच्या संकेतस्थळांवर श्रेयनामावली असते. त्यातल्या क्रिएटिव्ह डायरेक्टरला किंवा त्याच्याही खालच्या फळीतल्या एखाद्याला पाच-सहा ओळींचा मेल लिहा: तुम्ही कोण, कॉपी की आर्ट, कधीपासून मोकळे आणि लिंक. त्यांच्या एका कामाबद्दल एक नेमकं वाक्य लिहा, तेही खरंच मनात असेल तर. विषयाच्या ओळीत चमकदार काही करायचा मोह टाळा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर एकदा आठवण करा आणि शक्य असेल तर सोबत एखादं नवं काम जोडा.

नकार आला तर लगेच विचारा, ‘पंधरा मिनिटं माझं काम बघून मत द्याल का?’ नोकरी द्यायला नाही म्हणणारी बरीच माणसं याला हो म्हणतात. दोन-तीन जणांनी एकाच मोहिमेवर बोट ठेवलं तर ती काढून टाका. सगळ्यांची मतं सारखी येणार नाहीत, तेव्हा प्रत्येक सूचनेबरहुकूम पोर्टफोलिओ बदलत बसू नका.

मोठ्या एजन्सींचे इंटर्नशिपचे ठरलेले कार्यक्रम असतात, त्यांना मुदत असते. लहान एजन्सीत गरज पडेल तेव्हा घेतात. पहिल्यांदाच जात असाल तर मी लहान किंवा मध्यम एजन्सी सुचवेन. मोठ्या ठिकाणी बघायला पुष्कळ मिळतं, पण लहान ठिकाणी खरं काम इंटर्नच्या टेबलापर्यंत लवकर पोहोचतं.

स्पर्धांचाही उपयोग होतो. लंडनमध्ये १९६२ साली स्थापन झालेल्या डी अँड एडी या जाहिरात आणि डिझाइन क्षेत्रातल्या संस्थेचे न्यू ब्लड पुरस्कार नवोदितांसाठीच आहेत आणि त्यांचे ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारे कामाचे कागद, खऱ्या ब्रँड्सचे असतात. वन क्लब या जाहिरात क्षेत्रातल्या अमेरिकन संस्थेची यंग वन्स ही विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा आहे. बक्षीस मिळो वा न मिळो, ठरलेल्या मुदतीत, दुसऱ्याने दिलेल्या ब्रीफवर काम करण्याचा सराव होतो.

४. आत गेल्यावर: ब्रीफ नीट वाचा

पहिल्या आठवड्यात एजन्सीतली माणसं ओळखून घ्या. क्लायंट सर्व्हिसिंगवाले क्लायंटशी बोलतात, प्लॅनर ग्राहकाचा अभ्यास करून ब्रीफला दिशा देतात, स्टुडिओ आर्टवर्क तयार करतो आणि प्रॉडक्शन ते घडवून आणतं. यातलं प्लॅनिंग तुलनेने नवं. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीचे स्टीफन किंग आणि बोएझ मॅसिमी पोलिटचे स्टॅन्ली पोलिट यांनी त्याला आकार दिला. प्लॅनरशी मैत्री करा. क्लायंटला काय वाटतं आणि ग्राहक प्रत्यक्षात काय करतो यातला फरक त्याला माहीत असतो आणि बऱ्याच कल्पना त्या फरकातूनच निघतात.

ब्रीफमध्ये साधारण उद्दिष्ट, कोणाशी बोलायचं, सांगायची एक गोष्ट, बोलण्याची धाटणी, माध्यमं, सक्तीच्या बाबी आणि मुदत असते. ‘सांगायची एक गोष्ट’ या रकान्यात तीन गोष्टी लिहिलेल्या दिसल्या तर कामाला लागण्याआधी विचारा, यातली कोणती? इंटर्नने हा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागवत नाही, उलट बरोबरच्या सीनियरचा अर्धा दिवस वाचतो.

मग उत्पादनाबद्दल मिळेल ते वाचा. नामवंत जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी रोल्स-रॉइसचं काम मिळाल्यावर तीन आठवडे नुसतं त्या गाडीबद्दल वाचण्यात घालवले होते. ताशी ६० मैल वेगाने जाताना गाडीतला सर्वात मोठा आवाज विजेवरच्या घड्याळाचा असतो, हे विधान त्यांना त्या वाचनात सापडलं आणि १९५८ साली त्याचीच गाजलेली हेडलाइन झाली. इंटर्नला तीन आठवडे मिळत नाहीत, पण एक दुपार नक्की काढता येते. वस्तू हातात घ्या, वापरा, वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचा, ग्राहकांच्या तक्रारी वाचा. तक्रारींमध्ये माणसं फार खरं बोलतात.

५. रिव्ह्यू

रिव्ह्यू म्हणजे क्रिएटिव्ह डायरेक्टरला किंवा सीनियरला कल्पना दाखवण्याची बैठक. इंटर्नशिपमधला सर्वात शिकवणारा तास हाच. जाताना एकच लाडकी कल्पना घेऊन जाऊ नका. वीस-पंचवीस कल्पना, एका कागदावर एक, जाड मार्करने काढलेल्या आणि प्रत्येकीखाली एक ओळ. संगणकावर सजवलेला लेआउट एवढ्यात नको. तो दाखवला की चर्चा रंगावर आणि अक्षरांवर घसरते, कल्पना राहते बाजूला. शिवाय ज्यावर चार तास घालवले, ते सोडून देणं तुम्हालाच जड जातं.

कल्पना समजावून सांगत बसू नका. कागद ठेवा, ओळ वाचा आणि थांबा. समोरच्याला स्पष्टीकरण लागलं तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही लागेल, आणि तिथे तुम्ही नसाल. कागद बाजूला पडत असताना कारण लिहून घ्या. ‘हे आधी झालंय’, ‘ब्रीफवर नाही’, ‘कल्पना बरी, मांडणी कच्ची’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यावर पुढे जायचं, दुसऱ्यावर ब्रीफ पुन्हा वाचायचं, तिसऱ्यावर तीच कल्पना दहा प्रकारे मांडून बघायची. कारण कळलं नसेल तर विचारा, पण वाद घालून कल्पना वाचवायला जाऊ नका. ती जगवायची असेल तर जास्त चांगली करून परत आणा. हे करणारा इंटर्न क्वचितच दिसतो आणि दिसला की त्याला सोडवत नाही.

दुसऱ्यांच्या रिव्ह्यूला बसायची परवानगी मागा. दहा वर्षं काम केलेल्या माणसाच्या कल्पनाही बाजूला पडताना बघितल्या की स्वतःचा नकार जिव्हारी लागत नाही.

६. बारीकसारीक कामं

वाट्याला आकारबदल येतील: एकच जाहिरात वेगवेगळ्या मापांत बसवणं, डेकसाठी, म्हणजे सादरीकरणासाठी, चित्रं शोधणं, प्रूफ तपासणं, सोशल मीडियासाठी ओळी लिहिणं. ती चोख करा. बॅनरवरच्या पाच शब्दांतही चांगलं लिहिता येतं. पण महिनाभर दुसरं काहीच आलं नाही तर मार्गदर्शकाला स्पष्ट सांगा: मला एका ब्रीफवर काम करायचंय, माझी कामं सांभाळून करेन.

७. पैसे, वेळ आणि गुप्तता

मानधन किती, कालावधी किती, कामाचे तास कोणते, मार्गदर्शक कोण, हे सुरू होण्याआधी लेखी घ्या. बिनपगारी इंटर्नशिपबद्दल देशोदेशी नियम वेगळे आहेत, आपल्याकडचा नियम बघून घ्या. क्लायंटला विकलं जाणारं काम तुम्ही करत असाल तर त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, यात मला शंका वाटत नाही. पिचच्या, म्हणजे नवा क्लायंट मिळवण्यासाठीच्या सादरीकरणाच्या, आदल्या रात्री कधीतरी जागावं लागेल. रोजच जागावं लागत असेल तर ती शिकवण नव्हे, पिळवणूक आहे.

बाजारात न आलेलं काम बाहेर कोणालाही दाखवू नका, जवळच्या मित्रालाही नाही. पडद्याचा फोटो समाजमाध्यमांवर नको. क्लायंटची माहिती किंवा ब्रीफ सार्वजनिक एआय साधनात टाकण्याआधी एजन्सीचा नियम विचारा. केलेल्या कामाचे हक्क बहुधा एजन्सीचे किंवा क्लायंटचे असतात, तेव्हा ते पोर्टफोलिओत लावायला परवानगी लागते.

८. शेवटचे दोन आठवडे

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दोन आठवडे आधीच मार्गदर्शकाकडे अर्धा तास मागा आणि थेट विचारा: इथे जागा होईल का? नसेल तर माझ्यात काय कमी आहे, आणि दुसरं कोणाला भेटू? कोणती कामं पोर्टफोलिओत लावता येतील, श्रेय कसं लिहायचं, हेही तेव्हाच मेलवर पक्कं करा, कारण माणसं एजन्सी बदलत राहतात आणि तोंडी परवानगी कोणाला आठवत नाही. बाहेर पडल्यावर जुन्या पोर्टफोलिओतली सर्वात दुबळी मोहीम काढा, तिच्या जागी आत शिकलेल्या पद्धतीने केलेली नवी घाला आणि ती लिंक त्याच मार्गदर्शकाला पाठवा.