लेकराला घेऊन विमानात बसताय? या चुका टाळा

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं देशभर पांगलेली. जत्रेला गावी यायचं तर पूर्वी दोन-दोन दिवस रेल्वेत जायचे. आता लहान पोरं घेऊन हीच माणसं हैदराबाद-बेंगळुरूहून कोल्हापूरच्या उजळाईवाडीला उतरतात. साताऱ्याकडची पुण्याचं लोहगाव गाठतात, परदेशाला जायचं तर मुंबई. तिकिटाचा भाव दहा ठिकाणी बघितला जातो, सामान वजनकाट्यावर तोललं जातं. लेकराला कुठल्या सीटवर आणि कुठल्या पट्ट्यात बसवायचं, हे मात्र विमानात शिरल्यावर ठरतं. तोवर उशीर झालेला असतो.

सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे जास्तीचे पैसे भरून विमानातल्या आडव्या भिंतीसमोरची पुढची सीट घेणं. "पाय पसरायला जागा, बाळ घेऊन बसायला बरं" हा हिशेब वरवर बरोबर आहे. पण काही विमानांत नेमक्या याच सीटच्या पट्ट्यात एअरबॅग शिवलेली असते. बिझनेस क्लासमध्ये आणि आपत्कालीन दारालगतच्या रांगेतही ती सापडते.

त्यामागे कारण आहे. विमान जोरात आदळलं तर माणूस कमरेच्या पट्ट्यावर पुढे वाकतो आणि डोकं समोर आपटतं. समोर दुसरी सीट असेल तर तिची पाठ थोडा मार गिळते. समोर भिंत असेल तर काहीच गिळत नाही. अमेरिकेनं १९८८ साली नव्या प्रकारच्या विमानांच्या सीटसाठी १६ जीची, म्हणजे वजनाच्या सोळा पट धक्क्याची, कसोटी लावली आणि डोक्याला किती मार बसतो हेही मोजायला सांगितलं. कठीण भिंतीसमोरच्या सीटना ही कसोटी जड जाते, म्हणून पट्ट्यातली एअरबॅग आली. अ‍ॅमसेफ ही त्यातली जुनी कंपनी. विमान आदळल्याचं सेन्सरला कळलं की बाटलीतला वायू नळीतून पट्ट्यात शिरतो आणि पिशवी अंगापासून बाहेरच्या बाजूला फुगते. हवेतल्या धक्क्यांना ती फुगत नाही, बक्कल लावलं नसेल तरीही नाही.

हे सगळं गणित मोठ्या माणसाच्या शरीरावर मांडलेलं आहे. मांडीवरच्या बाळाचं डोकं पिशवी फुगते तिथंच येतं. म्हणून बऱ्याच विमान कंपन्या अशा सीटवर मांडीवरचं बाळ किंवा कारसीट (गाडीत लेकराला बांधून बसवायची छोटी खुर्ची) चालवून घेत नाहीत. काही विमानांत ती एअरबॅग तात्पुरती बंद करता येते, पण ते काम कर्मचाऱ्यांचं.

पट्टा ओळखायला सोपा आहे. नेहमीपेक्षा जाड, गुबगुबीत, त्यावर एअरबॅगची सूचना. असा पट्टा हाती आला तर दार बंद व्हायच्या आत हवाई सुंदरीला सांगा आणि सीट बदलून मागा. पट्ट्याखाली ओढणी किंवा टॉवेल कोंबून जुगाड करू नका. पट्टा आखूड पडला तर साधा जोडपट्टाही इथं चालत नाही. त्यापेक्षा सीट घेतानाच कंपनीला फोन करून विचारा, "या सीटच्या पट्ट्यात एअरबॅग आहे का?" लांबच्या प्रवासात भिंतीवरचा पाळणा हवा असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण पाळणा याच रांगेत लागतो. आणि पट्टा बांधायची खूण पेटली की बाळ पाळण्यातून उचलून घ्यायचं, झोपलेलं असलं तरी.

दुसरी चूक याहून वाईट. आपल्या पट्ट्यातच बाळालाही गुंडाळून घेणं. असं केलं तर धक्क्यात मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळाच्या पोटावर येतं. "मी घट्ट धरीन की" असं आजी म्हणते, पण १६ जीच्या धक्क्यात दहा किलोचं लेकरू १६० किलोइतकी ओढ घेतं. तिथं कुणाचेच हात पुरत नाहीत. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला विमान कोसळलं, तेव्हा मांडीवरच्या बाळांना पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं, त्या वेळची पद्धतच तशी होती. त्यातलं एक बाळ दगावलं. त्या विमानातल्या हवाई सुंदरी जॅन ब्राउन यांनी पुढे बाळांना स्वतंत्र सीट मिळावी यासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला.

आपल्याकडे बाळासाठी मोठ्यांच्या पट्ट्यात ओवायचा वेगळा छोटा जोडपट्टा मिळतो, युरोपातही मिळतो. अमेरिकेत तो चालत नाही. हवेतल्या धक्क्यात बाळ उडत नाही एवढा त्याचा उपयोग आहे, म्हणून दिला तर जरूर लावा. पण खरी सुरक्षितता वेगळ्या तिकिटात आणि विमानासाठी मान्य असलेल्या कारसीटमध्ये आहे. कोल्हापूर-हैदराबादच्या तेवढ्याशा प्रवासाला कुणी पूर्ण तिकीट काढणार नाही, मला कळतं. दीड वर्षाचं पोर घेऊन अमेरिकेला निघाला असाल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: एक बॅग कमी न्या, पण सीट घ्या.

कारसीटवर ती गाडीत आणि विमानात दोन्हीकडे चालते असं छापलेलं हवं. ती खिडकीशी लावायची, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. नुसता पाठ नसलेला बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवणारी बैठक, उड्डाण-उतरणीला चालत नाही. दहा ते वीस किलोच्या मुलांसाठी केअर्स नावाचा खांद्यावरून येणारा पट्टाही मिळतो. यातलं काय चालेल ते कंपनीकडून लेखी घ्या, दारात वाद नको.

दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःची सीट असते, पण पोर झोपलं की आई पट्टा सैल करते. २०२२च्या मे महिन्यात मुंबईहून दुर्गापूरला निघालेल्या विमानाला उतरताना जबर धक्के बसले आणि बरेच प्रवासी जखमी झाले. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर, घट्ट. पांघरूण पट्ट्याखाली घ्या, म्हणजे पट्टा दिसतो आणि कुणी लेकराला उठवत नाही.

उड्डाणाच्या वेळी बाळ आत्याकडे, मग मामाकडे असं फिरवू नका. शेजारशेजारच्या सीटच्या प्रत्येक गटाला सहसा एकच ऑक्सिजन मास्क जास्तीचा असतो, म्हणून दोन बाळं एका गटात बसवत नाहीत. मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावा. ३५ हजार फुटांवर शुद्ध टिकते ती अर्धा ते एक मिनिट. छातीला बांधलेलं कॅरिअर उड्डाण-उतरणीला सोडायचं. कान दुखू नयेत म्हणून विमान खाली यायला लागलं की दूध पाजा, चाकं टेकेपर्यंत थांबू नका.

आणि कारसीट घेतलीच असेल तर लोहगावला जाताना खंबाटकी घाटात ती डिकीत ठेवू नका. गाडीच्या मागच्या सीटवर बांधा. मागे तोंड करून बसवायची असेल तर पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, कधीच नाही.