वयात आलेल्या मुलाशी वाद: या चुका टाळा

पहिली चूक वेळेची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पोरगा भरदुपारी क्लासवरून सायकल हाणत येतो, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि चप्पल काढायच्या आत आपण विचारतो, "टेस्टला किती पडले?" मी हे कितीदा तरी केलं. तो दप्तर आपटायचा, माझा आवाज चढायचा आणि ताटातली कळण्याची भाकरी वाळून जायची. आता आधी माठातलं पाणी, मग जेवण. मार्कांचं संध्याकाळी, अंगणात पाणी मारून झाल्यावर. प्रश्न तोच असतो, पण तेव्हा तो नीट उत्तर देतो.

पाहुण्यांसमोर "मामाच्या पोराकडे बघ" म्हणणं तर नकोच. या वयात चारचौघांतला अपमान फार खोल जातो.

उलट बोलला म्हणजे संस्कार कमी पडले, असंही धरू नका. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. भावना मात्र आधीच जोरात उसळतात. झोपेचंही तसंच. या वयात झोप उशिराच येते आणि लागते ८ ते १० तास. अर्धवट झोपेतून उठवून सुनावलेलं बोलणं भांडणातच संपतं.

आपला पारा चढतोय हे आधी अंगाला कळतं: दात आवळले जातात, कान तापतात. तिथेच थांबा. श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, चार-पाच वेळा. धडधड खरंच कमी होते. मग सरळ सांगा, "मी आत्ता चिडलेय, अर्ध्या तासाने बोलू." आणि अर्ध्या तासाने स्वतःहून जा. न सांगता निघून गेलात तर तो अबोला होतो, आणि माझ्या मते अबोला ओरडण्यापेक्षा वाईट. ओरडणं निदान संपतं. अबोल्यात पोरगं रात्रभर एकटंच विचार करत पडतं. "येऊ दे तुझ्या पप्पांना" हेही टाळा, बाप घरात शिरतो तोच वैरी होऊन.

आपलं चुकलं असेल तर "माझं चुकलं, बेटा" म्हणा. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला.

मूल जेवण सोडत असेल, मित्र तोडत असेल, मरणाचं बोलत असेल, तर वाद बाजूला ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.