सिरीयल पोर्टवरून बंद पीसी चालू केला, माझा अनुभव
बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेक ऑन रिंग, म्हणजे पोर्टवर सिग्नल आला की बंद पीसी चालू करणारी सोय, एनेबल केली, दुसऱ्या मशीनपासून केबल लावली, तरी बंद पीसी ढिम्म हलेना. दोन संध्याकाळी गेल्या यात. शेवटी मल्टीमीटरने एकेक पिन चेक केली तर माझ्या नल मोडेम केबलमध्ये (दोन कॉम्प्युटर सिरीयल पोर्टने थेट जोडणारी केबल) ९ नंबरची पिन, म्हणजे रिंग इंडिकेटर, जोडलेलीच नाही आणि पीसीला उठवणारा सिग्नल तर तिथेच यावा लागतो! मग नवीन केबल सोल्डर केली, दुसऱ्या मशीनची ४ नंबर (डीटीआर, म्हणजे 'मी तयार आहे' सांगणारा सिग्नल) इकडच्या ९ ला आणि ५ ला ५, म्हणजे ग्राउंड. तरीही नाहीच. बायोसमध्ये ईआरपी (पीसी बंद असताना वीज वाचवणारी सेटिंग) ऑन होतं, त्यामुळे पीसी बंद झाला की पोर्टचा स्टँडबाय सप्लायच कट व्हायचा. ते डिसेबल करून दुसऱ्या मशीनवरून डीटीआर हाय (ऑन) केला, आणि फॅन फिरला! फार भारी वाटलं.