टोचनची गाडी पुढून हलकी लागते? स्प्रिंगचे पाटे वाढवायच्या आधी हे बघा

कात्रजचा नवा बोगदा संपला, नवले पुलाचा उतार लागला, मागे कार लटकलेली आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं. ड्रायव्हर खाली उतरून टायरची हवा बघतो, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून आणतो. दुखणं मात्र मागे, कार उचलून धरणाऱ्या लिफ्टपाशी असतं.

हिशोब सीसॉचा आहे आणि टेकू म्हणजे मागचा अ‍ॅक्सल. समजा लिफ्टवर ६०० किलो आलेत, लिफ्ट या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तीन मीटर. पुढच्या चाकांवरून ३०० किलो उचलले जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ९०० पडतात. कारचा बंपर घासतो म्हणून लिफ्ट अर्धा मीटर बाहेर काढली, की पुढून ४०० जातात. वजन तेच, बदलली ती जागा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मागचं बूड बसतं म्हणून जादा पाटे टाकणं. मीही टाकलेत, लपवत नाही. गाडी सरळ दिसली, मालक खूश. पण पाट्यांनी फक्त उंची वाढते. पुढून उठलेलं वजन परत येत नाही, उलट आधी बूड बसलेलं दिसायचं, तो इशाराही बंद होतो. जोरात ब्रेक मारला की भार पुढच्या चाकांवरच येतो. तीच हलकी असतील तर पावसात गाडी सरळ घसरत जाते.

त्यापेक्षा वजनकाट्यावर जा. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा रिकामी आणि एकदा कार लटकवून. रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून कमी उरलं, तर ती कार त्या गाडीचं काम नाही. लिफ्ट शक्य तितकी आत घ्या, नाहीतर फ्लॅटबेड, म्हणजे कार पाठीवर घेणारा सपाट ट्रक, बोलवा. तिथे बराचसा भार दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये बसतो.

बॉल हुकवर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्याच्या हुकवर, ट्रेलर ओढणाऱ्यांची चूक बरोबर उलटी. हुकवर भार नको म्हणून जनरेटर ट्रेलरच्या शेपटाकडे सरकवतात आणि साठच्या पुढे ट्रेलर झुलायला लागतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवाच. हजार किलोच्या ट्रेलरला १०० ते १५०. झुलायला लागलाच तर स्टेअरिंगशी झटापट नको. ते सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि वेग आपोआप उतरू द्या.