नवरा बोटीवर, घरी ऑटिस्टिक मूल: एकटीनं कसं निभवायचं

नवरा मर्चंट नेव्हीत असला की कित्येक महिने सगळं घर एकटीवर, त्यात मूल ऑटिस्टिक असेल तर बाबा अचानक दिसेनासा होणं त्याला झेपत नाही, म्हणून तयारी तो जायच्या आधीच सुरू करा. भिंतीवर कॅलेंडर लावा, जायच्या तारखेवर बाबाचा बॅग घेतलेला फोटो चिकटवा, रोज रात्री मुलाच्याच हातानं एक चौकोन खोडायचा. परतीची तारीख मात्र तिकीट हातात येईपर्यंत लिहू नका, साइन-ऑफ (बोटीवरची ड्युटी संपवून उतरणं) पुढे ढकलला गेला की मुलाला समजावणं फार अवघड जातं. बोटीवर नेटचा भरवसा नाही, तर झोपतानाची गोष्ट, "चल ब्रश करू" असल्या क्लिप बाबाच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा.

मुलाचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा (१ लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च यात धरतात) आणि नवऱ्याच्या सह्या लागतील तिथं पॉवर ऑफ अॅटर्नी (त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद), हे आधीच उरकून घ्या.

फ्रिजवर एक कागद लावा: औषधं, अॅलर्जी, मूल कशानं बिथरतं, कशानं शांत होतं. शेजारच्या काकूंना तो कागद समजावून सांगा, तुम्हाला ताप आला तर त्यांना मूल सांभाळता आलं पाहिजे. आणि आठवड्यातून दोन तास तरी स्वतःसाठी काढाच, प्लीज अपराधी वाटून घेऊ नका.