कोंबडनखी नेचा ओळखायचा कसा (सोलापूरकरांसाठी)

आपल्याकडे वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे नेचा म्हटलं की नर्सरीतली कुंडी नाहीतर जुन्या विहिरीच्या ओल्या दगडातला हंसराज, संपलं. मग पावसाळ्यात पंढरपूर-फलटण करत महाबळेश्वरला गेलं की जंगलात जिकडे बघावं तिकडे नेचेच नेचे आणि सगळे एकसारखेच वाटतात. त्यातला एक तरी नीट ओळखायचा असेल तर कोंबडनखीपासून सुरुवात करा, पुस्तकी नाव टेक्टेरिया कोॲडुनाटा. झाडाखाली, सावलीत, ओलसर मातीत उगवतो, पान मोठं असतं त्यामुळे शोधायला फार वाकावं लागत नाही.

आधी लांबून आकार बघा. पान एकूण त्रिकोणी दिसतं, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना फाट्यांच्या जोड्या असतात, त्यातली सगळ्यात खालची जोडी सगळ्यात मोठी, आणि त्या जोडीतही देठाकडच्या बाजूचा खालचा फाटा जास्त वाढलेला असतो. ओढ्याकाठी एक केसाळ नेचा भरपूर दिसतो, ख्रिस्तेला, त्याच्यात उलटं, खालच्या जोड्या लहान होत जातात. पण नुसत्या आकारावर नाव ठोकून देऊ नका, कोवळं पान आणि जुनं पान यांचाच आकार एकमेकांशी जुळत नाही बऱ्याचदा. मोबाईल ॲपला वरून काढलेला फोटो दिला तर ते पण काहीही नाव सांगतं, खरा मामला पानाच्या पाठीवर असतो.

तर पान हळूच उलटं करा, तोडायचं नाही, नुसतं वळवायचं. पाठीवर तपकिरी ठिपके दिसतील. घरच्या कुंडीत हेच ठिपके आले की लोक कीड लागली म्हणून औषध मारतात, ती कीड नाही ओ, ते बीजाणूंचे पुंजके आहेत. कोंबडनखीचे ठिपके गोल असतात आणि प्रत्येक फाट्याच्या मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंनी ओळीत बसलेले असतात. सराफाकडे असतं तसलं दहापट भिंग लावून बघितलं की प्रत्येक ठिपक्यावर एक पातळ झाकण दिसतं, राजम्याच्या दाण्यासारखं एका बाजूला खाच असलेलं. जुन्या पानावर ते आकसलेलं असू शकतं, म्हणून दोन-चार ठिपके बघा. आणि ठिपकेच नसतील तर पान कोवळं आहे, जूनमध्ये बहुधा असंच होतं, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा.

टेरिस जातीचे नेचे तिथे भरपूर, पण त्यांच्यात ठिपके नसतातच, पानाची कड खाली दुमडलेली आणि तिच्याखाली सलग तपकिरी रेघ. म्हणजे तो लगेच बाद. खरी गडबड होते ड्रायोप्टेरिस नावाच्या दुसऱ्या नेच्यामुळे, कारण त्याचं झाकण पण तसंच खाच असलेलं.

इथे शिरा कामाला येतात. पान आभाळाकडे धरून बघा, म्हणजे उजेड आरपार येईल. ड्रायोप्टेरिसच्या शिरा फाटे फुटत मोकळ्या कडेपर्यंत जातात, एकमेकींना जोडत नाहीत. कोंबडनखीच्या शिरा एकमेकींत मिळून जाळी करतात, आणि जाळीच्या कित्येक घरांत एखादी छोटी शीर आत येऊन मधेच सुटलेली असते. ही जाळी आणि ते गोल ठिपके दोन्ही एकत्र दिसले की जवळपास खात्री धरा. शेवटी देठाच्या बुडाशी तपकिरी खवले आहेत का बघा. बुडाशी हात घालण्याआधी काठीने पाला बाजूला करा, तिकडे चापडा हा विषारी साप असतो.

फोटो काढताना पूर्ण पान, सगळ्यात खालची जोडी, पाठीवरचे ठिपके जवळून, उजेडात धरलेल्या शिरा आणि देठाचं बूड एवढं घ्या, ठिपक्यांच्या फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं तर मापाचा अंदाज येतो. कंद औषधी म्हणून लोक खणून नेतात, तुम्ही खणू नका, महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात तो कुंडीत तग पण धरणार नाही.

जायच्या आधी घरीच सराव करायचा असेल तर विहिरीतला हंसराज घ्या, काळा चकचकीत देठ, आणि पान उलटं केलं की कडेला दुमडलेल्या छोट्या पट्ट्या, बीजाणू त्यांच्याखाली. भिंग डोळ्याला चिकटवून पान जवळ आणायचं, याच्या उलट करायला गेलात तर काहीच फोकस होणार नाही.