दिलेल्या अक्षरांतून इंग्लिश शब्द कसे शोधायचे (बँक आणि एसएससी, म्हणजे स्टाफ सिलेक्शनची, दहावीची नाही, या परीक्षांना नवीन बसलेल्यांसाठी)

सोलापुरात सात रस्त्याकडच्या अभ्यासिकेत मी अजून अधूनमधून जातो, तिथं नवीन पोरं हमखास विचारतात की दादा ते रीझनिंगमधलं अक्षरांवरून शब्द बनवायचं कसं जमवायचं, आमचं तर सगळं मराठी मीडियम. माझंपण मराठी मीडियमच होतं आणि आता बँकेत चिकटलोय, म्हणून जे कामाला आलं ते एकदाच लिहून ठेवतो.

इंग्लिश बरं असलेली पोरंपण इथं अडकतात बघा, कारण कान मधे येतो. आपण स्टॉप लिहितो तेव्हा आपल्याला दोनच अक्षरं दिसतात, स्टॉ आणि प, त्यामुळं स्टॉप, स्पॉट आणि पोस्ट हे तिन्ही ओ, पी, एस, टी एवढ्याच चार अक्षरांतून निघतात हे पटकन लक्षातच येत नाही. नाईफ म्हणलं की कान सांगतो एनने सुरू होतो, आणि के बिचारा पुढं गप उभा असतो. म्हणून पहिली सवय ही लावा की प्रश्न सुटेपर्यंत शब्द बोलायचा नाही, मनातसुद्धा नाही, फक्त अक्षरं सुटी करून कागदावर लिहायची.

प्रश्नाचे मुख्य दोन प्रकार. एसएससीला येतो तो म्हणजे मोठा शब्द देतात आणि विचारतात यातून कोणता शब्द बनणार नाही. समजा अॅडमिनिस्ट्रेशन दिलाय आणि ऑप्शनला स्टेशन, मिनिस्टर, रेशन, ट्रॅडिशन. मन लगेच म्हणतं प्रशासन आलं म्हणजे मिनिस्टर असणारच की! पण अॅडमिनिस्ट्रेशनच्या स्पेलिंगमध्ये ई हे अक्षर एकदाही नाही, मिनिस्टरला लागतं, विषय संपला. अर्थाचा इथं काडीचा संबंध नाही. असा परका अक्षर सापडला तर पाच सेकंदांत उत्तर. नाही सापडला तर डबल अक्षरं मोजायची, पेपर काढणारा तिथंच गंडवतो. डिटर्मिनेशन घ्या, त्यात टी दोन, एन दोन, ई दोन, आय दोन आणि बाकी सगळी एकेकच. आता टर्मिनेट बनतो, डॉमिनेट बनतो, मीडिएटर बनतो, नेशन पण बनतो, आणि अटेन्शन बनत नाही, कारण अटेन्शनला टी तीन लागतात. घाईत बघणारा हा तिसरा टी बघतच नाही.

दुसरा प्रकार बँकेचा, चार अक्षरं देणार, प्रत्येक अक्षर एकदाच वापरून अर्थ असलेले किती शब्द होतात ते सांगा. चार वेगळ्या अक्षरांच्या 24 मांडण्या होतात, सगळ्या लिहीत बसलात तर प्रिलिमला (पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला) रीझनिंगची 20 मिनिटं अशीच जातील. त्यापेक्षा एकेका व्यंजनाला पुढं बसवून बघायचं. ए, ई, एम, टी दिलेत समजा. एम पुढं घेतला की मीट (मटणाचा, भेटण्याचा नाही, त्याला ई दोन लागतात) आणि मेट. टी पुढं घेतला की टीम आणि टेम (टी ए एम ई, पाळीव या अर्थाचा). झाले चार. आता ऑप्शन बघा, बहुतेक वेळा शेवटचा ऑप्शन 'तीनपेक्षा जास्त' असा असतो, मग चौथा सापडला की तिथंच थांबायचं, पाचवा सहावा शोधत बसायचं नाही. ओ, पी, एस, टी मधून तर पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स धरून सहा होतात, पण सहा शोधल्याचे जास्त मार्क कोण देतंय बे.

काही जण विचारतात कुठल्या अक्षरापासून सुरू करायचं. आल्फ्रेड बट्सनं 1930च्या दशकात स्क्रॅबल हा अक्षरांच्या ठोकळ्यांतून शब्द बनवायचा खेळ बनवताना वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली होती, आणि आजही इंग्लिश स्क्रॅबलच्या 100 ठोकळ्यांत ईचे 12 असतात, क्यू आणि झेडचा एकेकच, त्या एकेकाला 10 पॉइंट. त्यावरून मी माझ्यापुरतं ठरवलं की जे, क्यू, एक्स, झेड आलं असेल तर आधी तेच धरायचं, कारण त्याला जागा कमी असतात. नसेल आलं तर एसएच, सीएच, टीएच, एसटी असल्या जोड्या आणि शेवटचं ईडी, ईआर, आयएनजी बाजूला काढायचं, उरलेली दोन-तीन अक्षरं आपोआप जागेवर बसतात. लिसन आणि सायलेंट एकाच सहा अक्षरांचे आहेत, एनलिस्टपण त्यातलाच.

प्रॅक्टिसला क्लासच्या नोट्स पाहिजेतच असं नाही, एसटीत बसल्यावर दुकानांच्या इंग्लिश पाट्या आहेतच की. आमच्यातला एक पूर्व भागातला पोरगा, घरी तेलुगू, शाळा मराठी, तो सोलापूर याच स्पेलिंगवर बसला होता, त्यातून सोलर काढला, पोलर काढला, सोप, सूप, सोल, मग पल्सर (गाडीच त्याच्याकडं ती, म्हणून सुचला असणार). सातही अक्षरं वापरून शब्द होतो तो पार्लस, स्पेलिंग पी ए आर एल ओ यू एस. अर्थ डिक्शनरीत बघा, आणि सोलापूरकरांनी मनाला लावून घेऊ नका.

मोबाईलवर अक्षरं टाकली की शब्द देणारी अॅनाग्राम सॉल्व्हर मिळतात, वापरा, पण आधी स्वतः कागदावर करून मगच ताळा म्हणून. आणि ते लई आडवेतिडवे शब्द पण दाखवतात जे स्क्रॅबलला चालतात, बँकेच्या पेपरला रोजच्या वापरातलेच धरा.